आमच्या धुण्याचा इतिहास

देवळ्याच्या माणसाचं नाक तसं नाजूक नाही. तालुका कांद्याचा. उमराण्याच्या बाजाराला ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर लागतात, आणि चाळीत साठवलेला कांदा पावसाळ्यात सडायला लागला, की त्याची बातमी वर्तमानपत्राच्या आधी वाऱ्यावरून येते. अशा गावात बँकेच्या काउंटरशी उभ्या असलेल्या एका कांदा उत्पादक शेतकऱ्याने पासबुक पुढे सरकवता सरकवता उपरण्याचं टोक नाकाला लावावं, ही घटना साधी नव्हे.

“भाऊसाहेब,” तो हळूच म्हणाला, “आत कुठं उंदीर-बिंदीर मेला का हो?”

मी टेबलाखाली वाकलो. शिपायाने कपाटामागे झाडू फिरवला. रेकॉर्डरूम उघडून पाहिली. तिथे मेलेली म्हणावीत अशी फक्त काही खाती सापडली. शेवटी आमच्या हेडकॅशियरबाई माझ्या खुर्चीमागून गेल्या. या बाई नोटेचा खरेखोटेपणा नुसत्या बोटाने ओळखतात. दोन पावलं जाऊन त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “शर्ट कुठे वाळवला होता हो तुम्ही?”

शर्ट धुतलेला होता. इस्त्रीचा होता. सकाळीच कपाटातून परीटघडी मोडून अंगात घातला होता. पण बाराच्या सुमाराला लाइट गेली, पंखा थांबला, पाठीला घाम आला आणि त्या घामाबरोबर शर्टात झोपलेला वास जागा झाला. ओलं गोणपाट, विसरलेलं पोतेरं आणि आठ दिवस न उघडलेला डबा यांची बेरीज केली तर जो येईल तो वास. मी उरलेला दिवस दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून काढला. त्या दिवशी माझ्या काउंटरवर रांग अजिबात नव्हती, एवढा एकच फायदा झाला.

मी कॉमर्सचा पदवीधर. पूर्वी आम्हाला कारकून म्हणत, आता ‘कस्टमर असोसिएट’ म्हणतात. नाव लांबलं, खुर्ची तीच राहिली. पण आमच्या शिक्षणाने एक खोड लावली आहे. हिशेब जुळला नाही, की आम्ही मागे मागे जातो. आजची नोंद, कालची नोंद, मागचा महिना, मागचं वर्ष. चूक कुठेतरी मागेच असते. तसा मी या वासाच्या मागे लागलो आणि बघता बघता अठराव्या शतकात जाऊन पोचलो. पण आधी घरची नोंद सांगतो.

गेल्या श्रावणात आमची आई न्हाणीघरापुढच्या धुण्याच्या दगडापाशी घसरली. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते काढताना डॉक्टर म्हणाले, “आजी, हात बरा झाला. पण आता पिळायचं नाही.” डॉक्टरांना काय माहीत, आईला पिळायचं नाही म्हणून सांगणं म्हणजे मला सही करायची नाही म्हणून सांगण्यासारखं आहे. तिचं माहेर लोहोणेरचं. गिरणेच्या काठावर धुणं घेऊन जायचं तिचं बालपण. लग्न होऊन देवळ्यात आली तेव्हा नदी मागे राहिली, पण दगड बरोबर आल्यासारखाच होता. माझे शाळेचे शर्ट, वडिलांची धोतरं, पाहुण्यांच्या चादरी, सगळं त्या दोन मनगटांतून गेलं. तिने पिळलेल्या चादरीतून नंतर दांडीवर थेंब पडत नसे. आमच्या हिची शाळेतली नोकरी, माझी बँक, आणि मी तोपर्यंतच्या आयुष्यात स्वतःचा रुमालसुद्धा धुतलेला नव्हता. तेव्हा सणाची उचल घेऊन आम्ही मशीन आणलं. पुढून कपडे घालायचं, गोल काचेच्या दाराचं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. पुढे कळेल की त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे मशीनसमोर बसलो. १९८७ साली टीव्हीवर रामायण लागायचं तेव्हा आमच्या घरात अशीच बैठक भरायची. आईने काचेत फिरणाऱ्या आपल्या पातळाकडे बराच वेळ पाहिलं आणि “आपोआप उलटं फिरतं गं!” असं सुनेला सांगितलं. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं मला आठवत नाही.

चार-पाच महिने बरे गेले. मग वास आला. आधी टॉवेलांना, मग बनियनांना, मग बँकेत गाजलेल्या त्या शर्टाला. हिने पावडर वाढवली. मी वासाचं द्रावण आणलं, म्हणजे चांगल्या वासाचं. त्यामुळे कपड्यांना सडक्या गुलाबाचा वास येऊ लागला. आई मात्र काही बोलली नाही. ती एकदा फक्त पातळ नाकाशी नेऊन थांबली. आणि एका पहाटे साडेपाचला मला धप् धप् असा आवाज ऐकू आला. बाहेर जाऊन पाहतो तर आई दगडाशी बसलेली. उजव्या हाताने पातळ आपटत होती आणि पिळायला डाव्या हाताचं मनगट चालत नाही म्हणून त्याचं टोक कोपरात धरून पीळ देत होती.

“आई, हे काय?”

“काही नाही रे. एका पातळासाठी मशीनला कशाला त्रास!”

विनोदी लेखकाची पंचाईत होते ती अशा वेळी.

त्याच दिवशी मेकॅनिकला बोलावलं. त्याने दार उघडलं, वास घेतला आणि डॉक्टर विचारतात तशा सुरात विचारलं, “साहेब, तुम्ही मशीन धुता का?”

“मशीन? अहो, ते कपडे धुतं.”

“पण त्याला कोण धुतं?”

असा उपनिषदातला प्रश्न टाकून, भेट देण्याचे पैसे घेऊन तो निघून गेला. दुसऱ्या कॉलला जायची घाई होती.

संध्याकाळी मी तो शर्ट घेऊन आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यांकडे गेलो. त्यांच्या आजोबांकडे गावची परीटकी होती. “काय व्हयनं भाऊ?” असं म्हणत त्यांनी शर्ट हातात घेतला, बगलेचा भाग चुरगळून हुंगला आणि निकाल दिला, “याला भट्टी लागली नाही.”

भट्टी! हा शब्द मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. आणि इथूनच आमचा इतिहास सुरू होतो.

धुण्याचा इतिहास पुस्तकांत फारसा सापडत नाही. लढायांचा सापडतो. पानिपतावर किती माणूस पडलं यावर अजून वाद होतात. पण मोहिमेवरून परत आलेले अंगरखे कुणी धुतले, याबद्दल बखरी गप्प आहेत. बखर लिहिणारानेही माझ्यासारखाच कधी रुमाल धुतला नसावा, असा माझा तर्क आहे. बाकी ज्यांनी धुतलं त्यांना लिहायला सवड नव्हती, हात ओले होते.

तरी परीट हा गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक, एवढी नोंद पक्की आहे. सुगीला खळ्यावरून धान्य घ्यायचं आणि वर्षभर गावाचं धुणं धुवायचं. त्याची पद्धत अशी. कपडे आधी खाऱ्या मातीच्या पाण्यात, पुढच्या काळात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, भिजवायचे. मग उकळत्या पाण्याच्या भांड्यावर त्यांचा ढीग रचून त्याला वाफ द्यायची. ही भट्टी. खार आणि उष्णता मिळून तेल, घाम, मळ सैल करतात. मग नदीवर नेऊन दगडावर आपटायचे, म्हणजे सैल झालेला मळ सुटतो. मग वाहत्या पाण्यात खळबळायचे आणि वाळूवर उन्हात पसरायचे. म्हणजे खार, वाफ, आपट, पाणी आणि ऊन. यातलं काहीही गाळायची परवानगी नव्हती.

त्याची हिशेबाची पद्धत तर आम्हा बँकवाल्यांना लाजवील अशी. प्रत्येक घराच्या कपड्यावर बिब्ब्याच्या रसाने बारीक खूण करायची. ती कितीही धुतली तरी जात नाही. धोब्याच्या अशा खुणेवरून पोलिसांनी गुन्हेगाराचा माग काढल्याची उदाहरणं आहेत. आमच्या खात्यांना दहा-दहा, पंधरा-पंधरा आकडी नंबर देऊनही आम्ही एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर टाकतो. परीट एका ठिपक्यावर अख्खं गाव सांभाळायचा.

याच समाजात अमरावती जिल्ह्यात १८७६ साली डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले आणि त्यांनी कपड्यांऐवजी गावंच्या गावं स्वच्छ करायला घेतली. ते गाडगे महाराज. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. आमच्या नाशिकला त्यांनी बांधलेली धर्मशाळा आहे. २००० साली राज्य सरकारने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्यांच्या अंगावर ठिगळांची गोधडी असायची. पण त्यांच्यासमोर मी त्या शर्टात उभा राहिलो असतो, तर त्यांनी खराटा कुणावर उगारला असता हे सांगायला नको.

मुंबईत धुणं वाढलं तसा १८९० च्या सुमारास महालक्ष्मी स्टेशनाशेजारी धोबीघाट उभा राहिला. दगडी हौदांच्या रांगाच रांगा. पुलावरून तो बघायला आता परदेशी पाहुणे कॅमेरे घेऊन येतात. दुसऱ्याचं धुणं बघायला माणूस साता समुद्रापलीकडून येतो, घरचं बघायला दहा पावलं जात नाही.

आता साबणाकडे वळू. खार स्वस्त व्हायला आधी फ्रान्समधल्या निकोलस लब्लाँ या माणसाला १७९१ साली मिठापासून सोडा करण्याचं पेटंट घ्यावं लागलं. बिचाऱ्याचा कारखाना पुढे राज्यक्रांतीत गेला. आपल्याकडे १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. पुढे टाटांच्या कंपनीचा ५०१ बार आला. दुकानदार त्याचे तुकडे कापून द्यायचा, तो आईचा साबण. १९५९ साली सर्फ आली, ती श्रीमंतांची. आणि १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या सरकारी नोकरीतल्या एका रसायनतज्ज्ञाने घरामागे पावडर करून सायकलवरून विकायला सुरुवात केली. तिचं नाव निरमा. सर्फच्या मानाने फारच स्वस्त. सरकारी नोकरीत राहून माणूस काय काय करू शकतो, हे मी आमच्या साहेबांना अधूनमधून सांगत असतो.

या पावडरींनी धुणं सोपं केलं यात शंका नाही. पण एक घोटाळा करून ठेवला. फेस म्हणजे स्वच्छता, असं आपल्या डोक्यात बसलं. त्यातून आमच्याकडचं पाणी जड. काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी, त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला आधी भेटतात आणि दोघांचा पांढरट साका तयार होतो. कपड्याच्या वाट्याला साबण उरतो तेवढा. म्हणून आमच्या बाया सवयीने मूठभर जास्तच टाकतात. हीसुद्धा मशीनमध्ये मूठभर जास्त टाकत होती, आणि तीही बादलीत धुवायची पावडर. एकदा तर खणातून फेस बाहेर आला आणि मुलाने त्यात होडी सोडली.

आता यंत्र. १७६७ साली जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग गावच्या याकोब शेफर नावाच्या एका धर्मोपदेशकाने धुलाईयंत्रावर पुस्तिका काढली. हा गृहस्थ गांधीलमाशीच्या घरट्यापासून कागद करून बघणारा, किडे गोळा करणारा. आणि त्याचा मुख्य व्यासंग कुठला असावा? बुरशी! बव्हेरियातल्या बुरशा-अळिंब्यांवर त्याने चित्रांसकट ग्रंथ लिहिले. धुलाईयंत्राच्या आरंभीच बुरशीचा जाणकार बसलेला आहे, हे वाचलं तेव्हा मी उठून आमच्या मशीनला नमस्कार केला. आपली परंपरा ते विसरलेलं नव्हतं.

पुढून कपडे घालायचं आपोआप चालणारं घरगुती मशीन अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९३७ साली लोकांपुढे आणलं. ते इतकं थरथरायचं, की बोल्ट मारून जमिनीला जखडावं लागे. आपल्याकडे या प्रकारची मशिनं १९९० च्या सुमारास आय. एफ. बी. कंपनीने जर्मन सहकार्याने आणली, कारखाना गोव्यात. म्हणजे जगाला त्रेपन्न वर्षं लागली तिथे यायला, आणि आमच्या घरी यायला आणखी तीसेक.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एका रात्री मशीनसमोर स्टूल टाकून बसलो आणि त्याचं माहितीपुस्तक प्रथमच उघडलं. आत डबा फिरतो, कपडे वर उचलतो आणि खाली टाकतो. म्हणजे आपटतो! खाली थोडंसंच पाणी असतं. आणि आत एक हीटर असतो. मी थक्क झालो. दगड, पाणी, भट्टी. गोल काचेच्या दारामागे अख्खा परीट दुमडून ठेवलेला होता! आणि आम्ही काय केलं होतं? जास्त पावडर टाकून आत फेसाची गादी केली. गादीवर आपटलेल्या कपड्याला काय लागणार? खळबळायला पाणी थोडं, म्हणून उरलेली पावडर आतल्या आणि बाहेरच्या डब्यांच्या फटीत थापून बसली. वासाच्या द्रावणाने तिच्यावर चिकट लेप दिला. आणि भट्टी? ती आम्ही एकदाही पेटवली नव्हती.

याला जबाबदार मी. मशीन आलं त्याच दिवशी मी वीजबिलाचा विचार करून कुटुंबात परिपत्रक काढलं होतं: गार पाणी, पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. आणि धुणं झालं, की धूळ जाऊ नये म्हणून दार घट्ट बंद. वर हिने विणलेला रुमाल.

ओल, अंधार, साबणाचं आणि कातडीचं खाद्य आणि बंद दार. जंतूंना याहून चांगली वसाहत कुठली? जपानच्या काओ कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिलं, की धुतलेल्या कपड्यांच्या या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू असतो. नावात ओस्लो, शोध जपानी, वास्तव्य देवळ्यात. हा पठ्ठ्या वाळवल्याने सहजी मरत नाही, उन्हालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. तेव्हा “उन्हात टाक, वास जाईल” हे आईचं म्हणणं निम्मंच खरं, आणि इस्त्रीवाल्यांचं पुरं. त्याला कढत पाणीच हवं. आणि पावडरीत ऑक्सिजन सोडणारा रंगकाट्या असेल तर आणखी बरं. तो पातळ साबणात बहुधा नसतो.

अमेरिकेत तर हा वास कोर्टात गेला. पुढून भरायच्या मशीनला बुरशीचा वास येतो म्हणून हजारो गिऱ्हाइकांच्या वतीने दावे लागले. काही ठिकाणी तडजोडी झाल्या. पण २०१४ साली क्लीव्हलँडच्या कोर्टात ज्युरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ज्युरीत कुणी बायका होत्या का?” मी पुढचं वाचलं नाही.

रविवारी सकाळी मी बाह्या सरसावल्या. दाराच्या कडेची रबरी घडी उलटली. आत दोन केसांच्या पिना, एक पेन्सिलीचा तुकडा, बँकेची टाचणी, दहा रुपयांचं नाणं आणि या सगळ्यांना धरून बसलेला काळा बुळबुळीत थर. खालची जाळी काढली तर बादलीभर पाणी आणि त्यात मुलाचा हरवलेला मोजा. पावडरीचा खण ओढला. तळाशी शिळ्या पिठल्यासारखा लगदा. मी जुन्या टूथब्रशने घासत होतो. चाळीस वर्षांत आपल्या घरात धुण्याचं काम कसलं असतं, ते मला गुडघ्यांतून कळत होतं. आई स्टुलावर बसून देखरेख करीत होती. “कोपरा राहिला,” एवढंच ती मधून मधून म्हणायची. एकूण चार कोपरे राहिले. गोल वस्तूला चार कोपरे असतात हे मला माहीत नव्हतं.

मग कपडे न घालता, मशीन साफ करायची पावडर टाकून, रिकामंच मशीन नव्वद अंशांवर लावलं. आमच्या घरातली पहिली भट्टी. सव्वादोन तास. मी मीटरकडे एकदाच पाहिलं. पाणी बाहेर पडलं ते गढूळ, राखाडी, वर काळे कपटे तरंगणारं. गिरणेला पूर आला, की पहिलं पाणी असंच येतं, असं आई म्हणाली. मग ती पुढे सरकली, पदराची दुहेरी घडी केली, तापलेल्या काचेवर ठेवली आणि तिच्यावर डावं मनगट टेकलं.

“शेक बरा लागतो,” ती म्हणाली.

आता आमच्याकडे पावडर चमच्याने मोजतात. टॉवेल आणि बनियन साठ अंशांवर. वासाचं द्रावण बंद. कपडे झाल्याबरोबर बाहेर काढायचे, रबर कोरड्या फडक्याने पुसायचं, महिन्यातून एकदा भट्टी. हे पुसण्याचं आणि भट्टीचं खातं माझ्याकडे आहे. दोन आठवड्यांनी धुण्याच्या ढिगात मला आईचं पातळ दिसलं. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. संध्याकाळी दांडीवरून काढून तिने ते नाकाशी नेलं आणि घडी करून कपाटात ठेवलं. दगडावर सध्या तुळशीची कुंडी आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुरळीत झालेली नाही. मशीनचं दार रात्रभर उघडं ठेवायचं असतं, आणि माझ्यावर आईचा विश्वास नाही. रोज रात्री दहाच्या सुमाराला ती अंथरुणावरून ओरडते, “दार उघडं ठेवलंस का रे?” आणि मी ओरडतो, “हो, सताड उघडं आहे!” परवा कळवणचे मामा मुक्कामाला होते. ते रात्रीतून तीन वेळा उठले आणि पुढच्या दाराची कडी बघून आले. सकाळी चहाही न घेता गेले, जाताना पाकीट चाचपत.